माशीच्या पोटातलं हरीण

प्रिय,

तुझं पत्र आणि डीएनए तपासणीच्या जेलचा फोटो दोन्ही पोचले. पट्ट्या ठसठशीत आल्या आहेत आणि निगेटिव्ह कंट्रोलची, म्हणजे नमुना न घातलेली, घरं कोरी आहेत, म्हणजे हात स्वच्छ राखलास. पहिल्याच हंगामात हे साधणं सोपं नसतं. आता रागावू नकोस, पण लेखाला तू जे शीर्षक योजलं आहेस, ‘बंदिस्त हरणांत बार्टोनेला पसरवणारी माशी’, त्यातला ‘पसरवणारी’ हा शब्द काढून टाक. बार्टोनेला हा जीवाणू माशीतून निघाला एवढंच तुझ्या फोटोत दिसतं, ‘पसरवणारी’ कुठंच दिसत नाही.

तू केलंस काय? हरणांच्या केसांतून डिअर केड, म्हणजे त्यांचं रक्त पिणाऱ्या माश्या, वेचल्या, आख्ख्या कुटल्या, त्यातून डीएनए काढला आणि त्याच्या प्रती वाढवून ओळखणारा पीसीआर लावला. बहुतेक नळ्यांत बार्टोनेला निघाली. पण हरणाच्या अंगावर बसलेली केड म्हणजे त्याच हरणाच्या रक्तानं भरलेली पिशवी. रवंथ करणाऱ्या जनावरांत बार्टोनेला तांबड्या पेशींत महिनोन् महिने मुक्काम ठोकते. जनावर चरतं, रवंथ करतं, बाहेरून काही कळत नाही. अशा हरणाचं रक्त प्यालेली माशी तू कुटलीस, तर माशी तपासली असं तुला वाटणार आणि प्रत्यक्षात हरीणच तपासलेलं असणार. माशीनं काय प्यालं ते तुला कळलं. ती काय देते, हा प्रश्न अजून तसाच आहे.

तुझी दिशा चुकली आहे असं मात्र नाही. 2001 मध्ये रो हरणांच्या रक्तातून बार्टोनेला शॉनबुकेन्सिस ही नवी जात वर्णन झाली आणि 2004 मध्ये तीच जात लिपोप्टेना सर्व्ही या केडमधून जिवंत वाढवून दाखवली गेली. डीएनए मेलेल्या जीवाणूचाही सापडतो. बशीवर वाढलेली वसाहत मात्र जिवंत जीवाणूचीच असते. केड माणसालाही चावते आणि काहींना त्यानंतर आठवडेच्या आठवडे खाज सुटणाऱ्या गाठी येतात. त्यामागे ही बार्टोनेला असेल का, असा संशय तेव्हाच व्यक्त झाला होता. संशय हा शब्द चांगला आहे, तो वापरायला शीक.

आता या माशीचं आयुष्य नीट बघ, कारण तुझ्या प्रश्नाची किल्ली तिथंच आहे. कोषातून बाहेर पडते तेव्हा केडला पंख असतात. ती यजमान शोधते, केसांत शिरते आणि पंख गळून पडतात. मग नर काय नि मादी काय, मुक्काम तिथंच आणि जेवण म्हणजे रक्त. मादी अंडी टाकत नाही. एका वेळी एकच अळी पोटात वाढवते, आपल्या ग्रंथींच्या दुधासारख्या स्रावावर पोसते आणि पुरती वाढली की बाहेर सोडते. त्या अळीचा लगेच कोष होतो आणि तो केसांतून निसटून जमिनीवर पडतो.

म्हणजे एकाच माशीचे तीन नमुने तुला मिळू शकतात: पंख गळालेली, पंख असलेली आणि कोष. तू फक्त पहिला घेतलास. पंख असलेल्या केडनं अजून रक्ताला तोंड लावलेलं नसतं. तिच्यात बार्टोनेला निघाली, तर ती आईच्या पोटातूनच आलेली असणार. अशा न प्यालेल्या माश्यांत बार्टोनेलाचा डीएनए मिळाल्याच्या नोंदी आहेत, म्हणून हा रस्ता तुला सुचवतोय. तुझी हरणं तर कुंपणात आहेत! त्यांच्या बसण्याच्या जागा ठरलेल्या, अंथरलेलं गवत ठरलेलं. रानातल्या हरणामागे कोष वेचत कोण फिरणार? तुला नुसतं गवत चाळायचं आहे. कोष काळे, चकचकीत, बारीक बीसारखे दिसतात आणि लेंड्यांत सहज हरवतात. पांढऱ्या ताटात थोडं थोडं घेऊन बघ.

कोषात बार्टोनेला मिळाली, तरी ‘पसरवणारी’ म्हणायला एक पायरी उरतेच. जीवाणू माशीतून पुढच्या हरणात जातो कसा? सगळे चाव्यातून देतात असं धरून चालू नकोस. खंदकज्वराची बार्टोनेला क्विंटाना अंगावरच्या उवेच्या विष्ठेतून बाहेर पडते, माणूस खाजवतो आणि ती ओरखड्यातून आत जाते. केडच्या बाबतीत लाळ बघायची की विष्ठा, हे आधीच ठरवून ठेवशील तर पुढच्या हंगामात आख्खी माशी कुटणार नाहीस. आतडं आणि लाळग्रंथी वेगळ्या काढशील. हात कापतात सुरुवातीला. दहावीस माश्या वाया जातील, जाऊ देत.

माझी एक फजिती सांगतो. उमेदवारीच्या दिवसांत बंदिस्त हरणांच्या गोचिडांवर मी सर्व जीवाणूंना लागू पडणारे 16एस प्रायमर, म्हणजे साऱ्या जीवाणूंत असणारं एक जनुक पकडणारे डीएनएचे तुकडे, लावले. अनुक्रम जुळवून पाहिला तर कॉक्सिएला! क्यू ज्वराचा जीवाणू सापडला म्हणून मी उड्या मारल्या आणि त्याच संध्याकाळी त्या हरणांचा सांभाळ करणाऱ्यांना कळवून मोकळा झालो. विण्याचा मोसम होता. क्यू ज्वर मुख्यतः वार आणि गर्भजलातून हवेत उडणाऱ्या कणांनी पसरतो, त्यामुळे लोक घाबरले ते योग्यच होतं. आवार बंद झालं, माणसांची रक्ततपासणी झाली, गाभण माद्या वेगळ्या काढताना एक कुंपणावर आदळून जायबंदी झाली. मग सावकाशीनं दुसरी जनुकं वाचली तेव्हा उमगलं की ती कॉक्सिएला बर्नेटी नव्हतीच. गोचिडाच्या पोटातली त्याची घरचीच मंडळी होती. नुसत्या रक्तावर जगणाऱ्या किड्याला ब जीवनसत्त्वं पुरत नाहीत, ती करून देणारे सहजीवी जीवाणू तो आईकडूनच घेऊन येतो. ती मादी पुढं बरी झाली, पण लंगडत चालायची. तिच्याकडे बघायला मला बरेच दिवस धीर होत नसे.

केडमध्येही अशी घरची मंडळी आहेत, आर्सेनोफोनस नावाची. तू 16एसवर गेलीस तर बहुतेक वेळा तेच डोळ्यांत भरतील. त्यांना रोगजंतूंच्या यादीत बसवू नकोस. बार्टोनेलासाठीही एका जनुकावर थांबू नकोस. जीएलटीए आणि आरपीओबी ही दोन्ही वाच, मगच जातीचं नाव लिही.

आता हरणाबद्दल, कारण पत्राच्या शेवटी तू हरणांना सरसकट ‘साठा’, म्हणजे जीवाणू टिकवून पुढं पुरवणारं जनावर, म्हटलं आहेस. हे नाव प्रत्येक जीवाणूच्या बाबतीत वेगळं तपासावं लागतं. गोचिडांतून माणसाला होणाऱ्या लाइम रोगाचंच घे. त्याचा जीवाणू बोरेलिया बर्गडॉर्फेरी ज्यांच्या नावानं ओळखला जातो त्या विली बर्गडॉर्फर यांनी गोचिडांत पाहिलेला हा जीवाणू 1982 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्या गोचिडाला लोक हरणाचं गोचीड म्हणत असल्यामुळे दोष हरणाच्या माथी बसला. प्रत्यक्षात हरणाच्या रक्तद्रवातली पूरक प्रथिनं बोरेलियाला मारतात. गोचीड जीवाणू घेतं ते मुख्यतः लहानपणी, उंदरासारख्या छोट्या प्राण्यांकडून. मग हरणाचा काही संबंधच नाही का? आहे, आणि मोठा आहे. प्रौढ मादी गोचिडाला पोटभर रक्त मोठ्या जनावराकडूनच मिळतं आणि त्यावर ती हजारो अंडी घालते. हरीण गोचिडांची संख्या वाढवतं, जीवाणू वाढवत नाही. एकाच वाक्यात या दोन गोष्टी कोंबल्या की वाचणारा हरणाच्या जिवावर उठतो.

गोचिडातून माणसाला आजारी पाडणाऱ्या एर्लिकिया चाफेन्सिस या जीवाणूचं उलट आहे. माणसातला पहिला रुग्ण 1986 चा, नाव मिळालं 1991 मध्ये, आर्कान्सातल्या फोर्ट चाफीवरून. इथं पांढऱ्या शेपटीचं हरीण खरोखर साठा आहे आणि ते कसं सिद्ध झालं ते तुझ्यासाठी महत्त्वाचं आहे. 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हरणाला मुद्दाम संसर्ग दिला, त्याच्यावर लोन स्टार गोचीड, म्हणजे अँब्लिओमा अमेरिकॅनम, पोसलं, ते कात टाकून पुढच्या अवस्थेत गेल्यावर निरोगी हरणावर सोडलं, आणि त्या हरणात जीवाणू मिळाला. घेतलं, टिकवलं, दिलं. तिन्ही पायऱ्या डोळ्यांसमोर. ‘पसरवणारं’ हा शब्द त्या गोचिडानं असा कमावला आहे. तुझ्याकडे अशा प्रयोगाची सोय नाही हे मला माहीत आहे. मग शब्दही तेवढाच घ्यायचा.

गोचिडांकडे वळलीस तर अवस्था लिहून ठेवायला विसरू नकोस. गोचिडांतल्या जीवाणूंपैकी अ‍ॅनाप्लाझ्मा फॅगोसायटोफिलम अंड्यातून पुढच्या पिढीत जात असल्याचं सहसा धरत नाहीत, रिकेट्सिया मात्र जाते. सहा पायांच्या, अजून न प्यालेल्या पिल्लात काय सापडतं यावरून बरंच कळतं. आणि तुझ्या नळ्यांतल्या त्या दोन उवा बाजूला ठेव. फोटोत डोकं छातीपेक्षा रुंद दिसतंय, म्हणजे त्या केस-कोंडा कुरतडणाऱ्या जातीच्या. रक्त शोषणाऱ्या उवेचं डोकं निमुळतं असतं.

आकडेवारीत एक मोठं भोक आहे. तू माश्या मोजल्यास, हरणं मोजली नाहीस. एकाच हरणावरून वेचलेल्या तीस केड म्हणजे तीस नमुने नव्हेत. त्या सगळ्या एकाच ताटात जेवल्या आहेत. कोणती माशी कोणत्या हरणाची हे तुझ्या वहीत असेल तर हिशेब पुन्हा मांड. नसेल तर तसं लेखात स्पष्ट लिही, त्यात कमीपणा नाही. त्याच हरणाचं रक्तही हवं, म्हणजे माशी आणि हरीण यांची जोडी लावता येईल. पण नुसत्या रक्तासाठी हरीण पकडायला लावू नकोस. धरपकडीच्या ताणानं स्नायू निकामी होऊन हरणं मरतात, कधी त्याच दिवशी, कधी पुढच्या काही दिवसांत. दुसऱ्या कारणानं भूल दिली असेल तेव्हा तिथं हजर राहा आणि मिळेल तेवढ्यावर भागव. हळू होईल काम. नवीन आणलेलं हरीण कळपात सोडायच्या आधी मात्र नक्की तपास, कारण ते आपल्या केड आणि गोचिडं बरोबरच घेऊन येतं.

शीर्षक मी असं करीन: ‘बंदिस्त हरणांवरील डिअर केडमध्ये बार्टोनेलाचा डीएनए’. फिकं वाटेल, मान्य आहे. संपादक तुला ‘धोका’ हा शब्द घालायला सांगतील. नको म्हण.

पुढच्या खेपेला माश्या 70 टक्के नव्हे, 95 टक्के किंवा त्याहून तीव्र अल्कोहोलमध्ये ठेव, डीएनए चांगला टिकतो. फॉर्मेलिनच्या वाटेला जाऊ नकोस. आणि नळीवर शाईनं लिहिलेलं अल्कोहोल सांडलं की पुसलं जातं. कागदाच्या चिटोऱ्यावर पेन्सिलीनं हरणाचा क्रमांक, तारीख आणि शरीराचा भाग लिहून तो नळीच्या आतच टाक. कोष सापडले तर त्यातले दोन-चार माझ्याकडे पाठव, भिंगाखाली बघायची इच्छा आहे.

तुझा,
जुना सहकारी