खडकात मुरलेले तापमान : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : जमिनीखालच्या तापमानावरून जुने हवामान कसे कळते?

उत्तर : खडकातून उष्णता फार सावकाश सरकते. भूपृष्ठ तापले किंवा थंडावले की तो बदल खाली मुरू लागतो. ऋतूंचे चढउतार साधारण १५ मीटरांतच विरतात, परंतु शंभर वर्षांतील बदलाची खूण सुमारे १५० मीटरांपर्यंत आणि हजार वर्षांतील बदलाची सुमारे ५०० मीटरांपर्यंत उतरते. पृथ्वीच्या अंतर्भागातून येणाऱ्या उष्णतेमुळे तापमान खोलीबरोबर, बहुतेक ठिकाणी किलोमीटरमागे २० ते ३० अंश सेल्सिअस, असे वाढत जाते. बोअरहोलमध्ये, म्हणजे जमिनीत पाडलेल्या खोल, अरुंद छिद्रात, थर्मिस्टर (तापमान मोजणारे विद्युत उपकरण) सोडून घेतलेल्या नोंदी वरच्या भागात या एकसमान वाढीच्या सरळ रेषेपासून जेवढ्या ढळतात, त्यावरून भूपृष्ठाच्या तापमानाचा इतिहास गणिताने काढता येतो.

प्रश्न : यातून एखाद्या विशिष्ट वर्षाचे तापमान मिळेल का?

उत्तर : नाही. काळ जितका जुना, तितकी खूण पुसट होते आणि शतकांच्या सरासरीपलीकडे फारसे काही उरत नाही.

प्रश्न : मग झाडांची वलये (खोडात दरवर्षी पडणारी कडी) असताना ही पद्धत कशाला हवी?

उत्तर : वलयांच्या रुंदीवर पाऊस आणि झाडाचे वय यांचाही परिणाम होतो, म्हणून तिचे तापमानात रूपांतर करावे लागते, बोअरहोलमध्ये मात्र प्रत्यक्ष तापमानच मोजले जाते, आणि माझ्या मते हेच या पद्धतीचे खरे मोल आहे. ग्रीनलंडच्या हिमस्तरातील बोअरहोलच्या १९९८ मधील अभ्यासातून हिमयुगाच्या ऐन कडाक्यात तेथील तापमान आजच्यापेक्षा सुमारे २३ अंशांनी कमी होते असे दिसले, तर बर्फातील ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरून) आधी काढलेला फरक जवळजवळ निम्माच होता, म्हणजे समस्थानिकांचे मापच नव्याने जुळवावे लागले.

प्रश्न : जंगलतोड किंवा बर्फ यांमुळे फसगत होत नाही का?

उत्तर : होऊ शकते, आणि ही शंका गंभीरपणेच घ्यायला हवी. झाडे तोडल्यास हवा न तापताही जमीन तापते, जाड बर्फाखाली तिला हिवाळ्याची थंडी पुरती जाणवत नाही आणि वाहते भूजल उष्णता स्वतःबरोबर नेते. त्यामुळे संशयास्पद ठिकाणे वगळून अनेक बोअरहोल एकत्र तपासतात. हुआंग, पोलॅक आणि शेन या संशोधकांनी २००० मध्ये ६१६ बोअरहोलांवरून पाच शतकांत सुमारे १ अंश तापमानवाढ दाखवली, आणि तिच्यातील जवळपास निम्मी वाढ एकट्या विसाव्या शतकातील होती.