जुन्या कारखान्याची जागा घ्यायची, मातीच्या तपासणीचा पैसा कोण देणार?

प्रश्न: ताई, आमच्या सोसायटीले एक बंद कारखान्याची जागा मिळून राहिली. कोपऱ्यात खोदलं तर काळी, रॉकेलसारखी वास मारणारी माती निघाली. मातीच्या तपासणीले सरकार पैसे देते का? – एक वाचक, नागपूर

उत्तर: राजेहो, आधी इसार (आगाऊ रक्कम) देऊ नका! अमेरिकेत अशा जागांना ब्राउनफील्ड म्हणतात, तिथं १९९५ पासून पर्यावरण खातं नगरपालिकांना फक्त तपासायला सुद्धा अनुदान देतं, म्हणजे आधी जुने कागद, नकाशे बघून इथं काय चालायचं ते शोधतात आणि शंका आली की मगच माती-पाण्याचे नमुने घेतात. आपल्याकडे विकत घेणाऱ्याच्या हातात असं अनुदान पडेल या भरवशावर व्यवहार करू नका, पण २०२५ च्या जुलैत केंद्राने दूषित जागांचे नियम काढलेत. त्यात संशयित जागा कळवली की राज्याच्या प्रदूषण मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर. खर्च ज्याने घाण केली त्याच्याकडून, अन् तो सापडलाच नाही किंवा कंगाल निघाला तर सफाईचा भार केंद्र-राज्यावर. (कचरा डेपो मात्र या नियमांत साधारण येत नाहीत, म्हणून नागपूरच्या भांडेवाडी कचरा डेपोचं उदाहरण देऊन भांडू नका.)

तुम्ही जिल्हाधिकारी कार्यालयात अन् मंडळाच्या नागपूर ऑफिसात लेखी अर्ज द्या, फोटो लावा, पोच घ्या. विहीर असेल तर तिचं पाणी आधी तपासा, अन् तोवर पोरांना त्या कोपऱ्यात क्रिकेट खेळू देऊ नका.