वाचकांचे प्रश्न : स्प्रेडमधून ट्रान्सलेशन प्रतल

प्रश्न : ३ घटकांच्या फील्डवर (०, १, २ आणि त्यांचं ३ च्या मापानं गणित) चार मितींचं प्रक्षेपी अवकाश घेतलं. त्यातलं एक त्रिमितीय उपावकाश ‘अनंतावरचं’ मानलं आणि त्यात १० रेषांचा स्प्रेड, म्हणजे एकमेकींना न छेदता त्याचे सगळे बिंदू झाकणाऱ्या रेषांचा संच, निवडला. स्प्रेडच्या प्रत्येक रेषेतून जाणारी प्रतलं मोजली, तर ती १३० भरतात. कोटी ९ च्या, म्हणजे प्रत्येक रेषेवर ९ बिंदू असणाऱ्या, अफाइन प्रतलात रेषा ९० हव्यात. ४० जास्तीच्या कुठून आल्या?

उत्तर : मोजणी बरोबर आहे, फक्त चाळणी लावायची राहिली. एका रेषेतून चार मितींत १३ प्रतलं जातात. त्यांतली ४ पूर्णपणे अनंतावरच्या उपावकाशातच पडलेली असतात. ती टाकून द्यायची. उरतात ९, आणि १० गुणिले ९ म्हणजे ९०. अनंताबाहेरचे बिंदू आणि रेषा म्हणून ही ९० प्रतलं, मिळून जे बनतं ते ट्रान्सलेशन प्रतल. गंमत अशी, की टाकलेली ४० प्रतलं म्हणजे त्या त्रिमितीय अवकाशातली सगळीच्या सगळी प्रतलं. कारण त्यातल्या प्रत्येक प्रतलात स्प्रेडची नेमकी एकच रेषा असते.

ही रचना ब्रक आणि बोस यांची, १९६४ची. आंद्रे यांनी १९५४ मध्ये हेच सदिशांच्या भाषेत मांडलं होतं, आणि हातानं गणित करायला तीच भाषा सोपी पडते. चार मितींचं सदिश अवकाश घ्या. त्यात शून्येतर सदिश ८०. त्यांची १० द्विमितीय उपावकाशांत वाटणी करा, प्रत्येकात ८. हा झाला स्प्रेड. ८१ सदिश हे बिंदू, आणि ही उपावकाशं व त्यांच्या सरकवलेल्या प्रती या रेषा. दोन बिंदूंतून एकच रेषा का जाते? त्यांच्या वजाबाकीचा सदिश शून्य नाही, म्हणून तो नेमक्या एकाच उपावकाशात सापडतो. बाकी सगळी रचना या एका वाक्यावर उभी आहे.

प्रश्न : डेझार्गचा प्रमेय (दोन त्रिकोणांचे जोडीचे शिरोबिंदू जोडणाऱ्या रेषा एका बिंदूत मिळाल्या, तर जोडीच्या बाजू एकाच रेषेवर छेदतात) न पाळणारं सगळ्यात लहान प्रतल कागदावर बनवता येईल का? आणि ते खरंच वेगळं आहे हे कसं तपासायचं?

उत्तर : येतं, एका बैठकीत. चार घटकांचा सदिश (क्ष, य) असा दोन जोड्यांत लिहा. एक उपावकाश क्ष = ० हे. बाकीची नऊ य = क्ष·अ या रूपाची, जिथे अ ही २×२ मॅट्रिक्स. अट एवढीच : नऊपैकी कोणत्याही दोन मॅट्रिक्सच्या वजाबाकीचा निश्चयक शून्य नसावा. तो शून्य झाला, की ती दोन उपावकाशं कुठेतरी एकमेकांत घुसली आणि वाटणी मोडली.

ओळी अर्धविरामानं तोडून लिहितो, सगळं ३ च्या मापानं. ए = [१, ०; ०, १], ज = [०, २; १, ०], ट = [१, १; १, २], ठ = [२, १; १, १]. या चार, यांच्या उणे चार आणि शून्य मॅट्रिक्स, अशा नऊ. सगळ्या ३६ वजाबाक्या करायची गरज नाही. शून्य सोडून उरलेल्या आठ गुणाकाराला बंदिस्त गट बनवतात, त्यामुळे अ − ब हे अ गुणिले (ए − क) असं लिहिता येतं, क याच गटातली. उणे ए आणि ज, ट, ठ व त्यांच्या उणे, एवढ्या सातच ए मधून वजा करून पाहा. उदाहरणार्थ ए − ज = [१, १; २, १], निश्चयक १ − २, म्हणजे २. चालेल.

आता वेगळेपणा. तीन परस्पर न छेदणाऱ्या रेषांवरून एक रेग्युलस ठरतो, म्हणजे त्या तिघींना छेदणाऱ्या प्रत्येक रेषेला छेदणाऱ्या रेषांचा संच, आणि ३ घटकांच्या फील्डवर त्यात चार रेषा असतात. प्रतल डेझार्गचं असेल (डेझार्गचा प्रमेय पाळत असेल) तर स्प्रेडमधल्या कोणत्याही तीन रेषांचा रेग्युलस पूर्णच्या पूर्ण स्प्रेडमध्ये सापडतो; अशा स्प्रेडला नियमित म्हणतात. फील्ड २ पेक्षा मोठं असेल तर उलटही खरं. इथे एक सापळा आहे. क्ष = ० सोबत शून्य आणि ए घेतलं तर चौथी रेषा उणे ए ची, ती स्प्रेडमध्ये आहेच. एवढ्यावर निष्कर्ष काढू नका. क्ष = ० सोबत ए आणि ज घ्या. चौथी मॅट्रिक्स ए + २(ज − ए), म्हणजे [२, १; २, २]. तिचा निश्चयक २, आणि आपल्या आठही मॅट्रिक्सचा निश्चयक १. ती यादीत नाही. स्प्रेड नियमित नाही, प्रतल डेझार्गचं नाही. हे हॉलचं कोटी ९ चं प्रतल.

दुसरा रस्ताही आहे आणि तो मला जास्त आवडतो. डेझार्गच्या स्प्रेडमधून, म्हणजे आ·ए + बा·ज या नऊ मॅट्रिक्समधून (आ, बा हे ०, १, २ पैकी), एक रेग्युलस उचला : क्ष = ० आणि य = आ·क्ष या चार रेषा. त्या झाकत होत्या तेच १६ प्रक्षेपी बिंदू विरुद्ध रेग्युलसच्या, म्हणजे या चौघींनाही छेदणाऱ्या, चार रेषा झाकतात : एक सदिश व धरा आणि (स·व, त·व) हे सगळे घ्या (स, त हे ०, १, २ पैकी). बाकीच्या सहा रेषा जागच्या जागी. त्या नव्या रेषांना छेदत नाहीत, कारण बा शून्य नसेल तर मॅट्रिक्स कोणत्याही सदिशाला त्याच्याच पटीत पाठवत नाही. कोटी ९ ची ट्रान्सलेशन प्रतलं दोनच असल्यामुळे हेही हॉलचंच प्रतल निघतं.

प्रश्न : संगणकावर १० रेषांचा स्प्रेड बनवायला एकेक रेषा जोडत जातो, पण ७ वर अडकतं. पुढे एकही रेषा बसत नाही.

उत्तर : प्रोग्राममध्ये चूक असेलच असं नाही. ७ रेषांचे असे अपुरे संच असतात, ज्यांत आठवी बसतच नाही. मागे फिरून दुसरी रेषा निवडण्याची सोय हवी. शोध मात्र बराच आवरता येतो. क्ष = ०, य = ० आणि य = क्ष या तीन रेषा आधीच पक्क्या करा; न छेदणाऱ्या कोणत्याही तीन रेषा अक्ष बदलून या तिघींवर आणता येतात, म्हणून काही सुटत नाही. मग एकूण ८१ मॅट्रिक्सपैकी, स्वतःचा आणि ए वजा केल्यावरचा, असे दोन्ही निश्चयक शून्य नसणाऱ्या फक्त २७ उरतात. त्यांतून एकमेकींशी जुळणाऱ्या ७ निवडायच्या. क्ष·अ आणि अ·क्ष यांची सरमिसळ मात्र होऊ देऊ नका. सगळ्या मॅट्रिक्स उलटवल्या, म्हणजे ओळींचे स्तंभ केले, तर स्प्रेडच मिळतो, पण प्रतल बदलू शकतं. निम्म्याच उलटवल्या तर काहीच जुळेल याची खात्री नाही.

प्रश्न : या पद्धतीनं कोटी १० चं प्रतल मिळेल का? आणि १६ चं?

उत्तर : १० चं नाही. कोटी म्हणजे स्प्रेडच्या एका उपावकाशातल्या सदिशांची संख्या, ती नेहमी मूळ संख्येचा घात असते. १६ ची ट्रान्सलेशन प्रतलं आठ आहेत. पण ४ घटकांच्या फील्डवर त्रिमितीय अवकाशात रेषांचे स्प्रेड शोधलेत, तर तीनच सापडतील. उरलेल्या पाचांसाठी २ घटकांच्या फील्डवर सात मितींचं प्रक्षेपी अवकाश घ्यावं लागतं. तिथे स्प्रेड रेषांचा नसून त्रिमितीय उपावकाशांचा असतो, आणि मॅट्रिक्स ४×४ च्या.