कॅलेंडरवरचे खाडे

"मॅडम, मी ठरवते खूप, पण टिकत काहीच नाही. लोकांचे नव्याचे नऊ दिवस असतात, माझे चारच. माझ्यात इच्छाशक्ती नावाची गोष्टच नाही का?" हा प्रश्न या ना त्या शब्दांत माझ्यासमोर दर महिन्याला येतो, आणि जानेवारीच्या अखेरीस जरा अधिकच येतो. तो विचारणारी माणसे बहुतेक वेळा आळशी नसतात, हे मी अनुभवाने सांगू शकते. खऱ्या आळशी माणसाला स्वतःच्या आळसाची एवढी टोचणी लागत नाही, आणि लागली तरी त्यासाठी वेळ घेऊन, पैसे भरून तो समुपदेशकाकडे येत नाही.

वरचे शब्द साताऱ्यातील एका ४७ वर्षांच्या बाईंचे आहेत. त्यांच्या संमतीने हा अनुभव लिहीत आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी त्यांना ताई म्हणत असे, इथेही तसेच म्हणते. ताई एका पतसंस्थेत हिशेबाचे काम पाहतात. पिग्मी एजंट दिवसभर दुकानोदुकानी फिरून जमवलेली रक्कम संध्याकाळी भरायला येतात, आणि त्यानंतर रोकड आणि नोंदी जुळेपर्यंत कुणालाही जागचे उठता येत नाही. घरी पती, सासूबाई आणि बारावीतला मुलगा असा संसार. पहिल्या भेटीत त्यांनी पिशवीतून सात डायऱ्या काढल्या, टेबलावर ओळीने मांडल्या आणि म्हणाल्या, "हे माझे सात वर्षांचे पुरावे."

डायऱ्या उघडण्याआधी मी झोप, भूक, मासिक पाळी आणि थकवा यांविषयी विचारून घेतले, कारण सातत्य नसल्याची तक्रार कधी कधी नैराश्याची किंवा शरीरातल्या एखाद्या उणिवेची पहिली खूण असते. मागच्या दोन आठवड्यांविषयी नऊ प्रश्न विचारणारी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली त्यांनी भरली, तेव्हा २७ पैकी सहा गुण आले, म्हणजे लक्षणे सौम्य होती. थायरॉइडची तपासणी ठीक निघाली, मात्र हिमोग्लोबिन ९.८ भरले. स्त्रियांमध्ये ते १२ च्या खाली गेले की रक्तक्षय धरतात. पहाटे उठल्यावर येणारी जी घेरी त्या मनाचा कमकुवतपणा समजत होत्या, ती निदान काही अंशी लोहाची कमतरता होती आणि तिच्यावर डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. ज्यांना दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस वाटत नाही किंवा जगणे नकोसे होते, त्यांनी सवयींचे तक्ते बाजूला ठेवून आधी मनोविकारतज्ज्ञांना भेटावे. २०२२ पासून टेलि-मानसची १४४१६ ही मोफत दूरध्वनी सेवाही उपलब्ध आहे.

डायऱ्या विमा एजंट दरवर्षी आणून देतो त्यातल्या होत्या. प्रत्येकीच्या पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात संकल्प लिहिलेले होते: पहाटे पाचला उठणे, बारा सूर्यनमस्कार, रोज दहा पाने वाचन, इंग्रजी संभाषण, साखर बंद. पुढची चार-पाच पाने बरोबरच्या खुणांनी भरलेली, मग कुठेतरी 'उशिरा जाग आली' अशी एक ओळ, आणि त्यानंतर थेट डिसेंबरपर्यंत कोरा कागद. एका डायरीत संक्रांतीच्या पानावर तीळ अर्धा किलो, चिक्कीचा गूळ एक किलो, दाणे पाव किलो अशी यादी होती आणि तिच्याखाली वेगळ्या शाईने एकच शब्द लिहिला होता: आरंभशूर. तो शब्द त्यांच्या वडिलांचा होता. पाचवीत असताना पेटीचा क्लास तीन महिन्यांत सोडला, तेव्हा वडिलांनी तो पाहुण्यांसमोर हसत हसत उच्चारला. वडील विसरून गेले असतील, मुलीने मात्र तो जपून ठेवला आणि दर जानेवारीत स्वतःच स्वतःला लावला.

इथे माझ्या हातूनही एक चूक झाली. एवढे संकल्प एकदम केल्यावर टिकणार कसे, असा शहाणपणाचा विचार करून मी त्यांच्यासाठी एकाच सवयीचा तक्ता आखून दिला. साडेपाचला उठायचे, दहा मिनिटे व्यायाम करायचा आणि चौकोनात खूण करायची. पुढच्या भेटीच्या दिवशी सकाळी निरोप आला की कामामुळे येता येत नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच. शेवटी मी फोन केला, तेव्हा कळले की चौथ्या दिवशी मुलाला ताप आला, रात्र जागरणात गेली आणि तक्त्यातला चौकोन रिकामा राहिला. "अर्धवट तक्ता घेऊन तुमच्याकडे कोणत्या तोंडाने येऊ?" असे त्यांनी विचारले आणि मला माझीच कीव आली. सात डायऱ्यांच्या ओळीत मी आठवी डायरी ठेवली होती.

त्यानंतर त्या आल्या त्या महिनाअखेरीला. बोलता बोलता घड्याळाकडे पाहून म्हणाल्या की घरी जाऊन गवळ्याचा हिशेब करायचा आहे, आणि मोबाइलमध्ये काढून आणलेला भिंतीवरच्या कॅलेंडरचा फोटो त्यांनी सहज उघडला. मी तो पाहायला मागितला. तारखांच्या चौकोनांत बारीक निळ्या अक्षरात नोंदी होत्या. 'खा' म्हणजे खाडा, 'अ.जा.' म्हणजे अर्धा लिटर जास्त. बाकीचे चौकोन रिकामे, कारण ज्या दिवशी ठरल्याप्रमाणे दूध येते त्या दिवशी लिहिण्यासारखे काही नसते. हा हिशेब कधीपासून ठेवता, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, "लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून. सासूबाईंनी माझ्याकडे दिला, आता बावीस वर्षं होतील."

ज्यांचे काहीच टिकत नाही अशा या बाई बावीस वर्षे रोजची नोंद ठेवत होत्या, आणि ते त्यांच्या लक्षातही आलेले नव्हते. मी विचारले, "या बावीस वर्षांत गवळ्याचे खाडे किती झाले असतील?"

"कितीतरी. म्हैस आटली, पाऊस लागला, गावची जत्रा आली. त्याचं काहीतरी असतंच."

"मग खाडा झाला की तुम्ही रतीब बंद करता?"

त्या हसल्या. "रतीब कशाला बंद करायचा? खाडा झाला की खाडा लिहायचा, दुसऱ्या दिवशी दूध येतंच की."

मी पुढे काही बोलले नाही. थोड्या वेळाने त्यांनी मोबाइल उलटा करून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "आणि माझा खाडा झाला की मी रतीबच तोडते."

एकाच हाताने त्या दोन प्रकारचे हिशेब लिहीत होत्या. पतसंस्थेतला हिशेब एक रुपयाने चुकला तरी चुकलाच, आणि तो जुळेपर्यंत घरी जायचे नाही, ही त्या कामाची रास्त शिस्त आहे. पण हीच फूटपट्टी त्यांनी स्वतःच्या दिवसांना लावली होती, त्यामुळे एक रिकामा चौकोन दिसताच सबंध वही चुकलेली ठरत होती. गवळ्याच्या हिशेबात खाड्याचे पैसे काटेकोरपणे कापले जातात, मात्र तेवढ्यावरून गवळ्याला कुणी आरंभशूर म्हणत नाही. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये सुरू केलेल्या आणि कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांना परिचित करून दिलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा हा तर पायाच आहे: कृतीचे मूल्यमापन अवश्य करावे, पण त्यावरून सबंध माणसाला एकच शिक्का मारू नये. हे तत्त्व मी ताईंना आधी दोनदा समजावून सांगितले होते आणि दोन्ही वेळा त्यांनी समजल्यासारखी मान हलवली होती. कॅलेंडरच्या फोटोने जे काम केले ते माझ्या समजावण्याने झाले नव्हते, हे मान्य करायला हवे.

त्यांच्या मनात २१ दिवसांचा आकडाही घर करून होता, कारण तो मोबाइलवर सतत फिरत असतो. त्याचे मूळ सहसा मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या लेखनात सांगितले जाते. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, असे त्याचे निरीक्षण होते. पुढे त्यातला 'किमान' गळून पडला आणि चेहऱ्याचे जे होते ते सूर्यनमस्कारांनाही लागू झाले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ स्वयंसेवकांना १२ आठवडे एकेक नवी सवय लावून घ्यायला सांगितले होते. ती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात, पण माणसागणिक आणि सवयीगणिक हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलतो, असे त्यांना आढळले. त्याच अभ्यासात असेही दिसले की मधला एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्याच्या क्रियेला फारशी बाधा येत नाही. ताईंनी ही माहिती ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "म्हणजे खाडा धरूनच हिशेब आहे."

तरीही एक प्रश्न उरत होता. खाडे माफ केले तरी रतीब कशाचा लावायचा? मी पहिल्या पानावरचा एकेक संकल्प वाचत गेले आणि तो कुणाकडून आला एवढेच विचारत गेले. पहाटे पाच हे संस्थेच्या वर्धापनदिनाला आलेल्या एका वक्त्याचे. सूर्यनमस्कार जाऊबाईंचे. साखर बंद हे मोबाइलवरचे. इंग्रजी हे मुलाच्या शाळेतल्या एका पालकसभेतून आलेले होते, जिथे त्यांना तासभर गप्प बसावे लागले होते. त्याविषयी बोलताना मात्र त्यांचा आवाज बदलला आणि आम्ही त्यावर नंतर स्वतंत्रपणे बोललो. सातही डायऱ्यांत त्यांचे स्वतःचे म्हणावे असे फारसे काही सापडेना, तेव्हा मी विचारले की दिवसातली कोणती वेळ संपू नये असे वाटते. उद्दिष्ट काय, असे थेट विचारले की माणसे भाषण केल्यासारखी उत्तरे देतात, म्हणून मी शक्यतो असे आडवळणाने विचारते.

उत्तर लगेच आले. "ऑफिसचं शटर खाली ओढल्यापासून घराची कडी वाजवेपर्यंतची. तेवढा वेळ मला कुणी हाक मारत नाही." स्कूटीवर ती वेळ आठ मिनिटांची होती. पायी चालले तर ती अर्ध्या तासाची होणार होती.

यापुढे तंत्राचा भाग थोडाच होता. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये एका लेखात मांडले आहे की 'मी रोज चालेन' असे ठरवण्यापेक्षा 'अमुक घडले की मी अमुक करेन' असे ठरवलेले प्रत्यक्षात येण्याची शक्यता अधिक असते. ताईंनी ठरवले की शटरला कुलूप लागले की चालायला सुरुवात करायची, आणि त्यासाठी स्कूटी सकाळी घरीच ठेवायची. तक्ता त्यांनी माझ्याकडून घेतला नाही. त्याच कॅलेंडरवर, त्याच पद्धतीने, पण लाल शाईने फक्त खाडे लिहायचे आणि चाललेल्या दिवशी चौकोन मोकळा सोडायचा, ही कल्पना त्यांची स्वतःची होती.

घरच्यांनी आठवडाभर कुरकुर केली. पती दोनदा गाडी घेऊन न्यायला आले आणि तेही दोन खाडे रीतसर लिहिले गेले.

जुलैअखेर त्या भेटायला आल्या तेव्हा त्या महिन्याचे पान फोटोऐवजी कॅलेंडरसकट घेऊन आल्या होत्या. निळे खाडे तीन होते आणि लाल खाडे नऊ. लाल खाड्यांखाली बारीक अक्षरात कारणे लिहिली होती: पाऊस पाच वेळा, सासूबाईंचे डोळ्यांचे ऑपरेशन दोन वेळा, पाहुणे एकदा. नवव्या चौकोनात 'कंटाळा' असे होते. त्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "इथेही आधी मी पाहुणेच लिहिणार होते."

डायऱ्यांचे काय झाले, असे मी विचारले. मागची कोरी पाने मुलगा गणिताच्या कच्च्या कामाला वापरतो असे त्यांनी सांगितले. आणि सूर्यनमस्कार?

"ते जाऊबाई घालतात," ताई म्हणाल्या.