लेक्चर डोक्यात का जात नाही?

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद.

परवा रंकाळ्यावर तू जे बोललीस ते घरी आल्यावरही मनातून जाईना, म्हणून लिहायला बसले. मोबाईलवर कसलीशी चाचणी दिलीस, त्यात तू ‘व्हिज्युअल लर्नर’ निघालीस. आता तुझं म्हणणं असं, की ऐकून शिकणं तुझ्या पिंडातच नाही, तेव्हा लेक्चरला बसण्यापेक्षा होस्टेलवर व्हिडिओ बघितलेले बरे. पहिल्या इंटर्नलला मार्क कमी पडले, त्याचं कारणही तू हेच सांगितलंस. मैत्रिणींसमोर मी काही बोलले नाही. पण मला ते पटलेलं नाही, आणि का पटलं नाही ते तुला नीट कळायला हवं.

आधी त्या चाचणीविषयी. न्यूझीलंडमध्ये नील फ्लेमिंग नावाचे गृहस्थ शाळा तपासायचं काम करत. वर्गावर्गांत बसून त्यांना प्रश्न पडला, की चांगलं शिकवणाऱ्या शिक्षकाचंसुद्धा काही मुलांपर्यंत का पोचत नाही? त्यातून बघणं, ऐकणं, वाचणं-लिहिणं आणि हातानं करणं अशा चार आवडी तपासणारी प्रश्नावली तयार झाली. १९९२ साली त्यांनी कॉलीन मिल्स यांच्यासोबत लेख लिहून ती मांडली. विद्यार्थ्यानं आपण अभ्यास कसा करतो याचा विचार करावा, हा तिचा हेतू होता. तो चांगलाच आहे. पुढे मात्र लोकांनी त्याचा शिक्का केला: हा ‘बघणारा’, ती ‘ऐकणारी’, आणि ज्याला त्याला त्याच वाटेनं शिकवलं तरच येईल.

हे खरं आहे का, ते २००८ साली हॅरोल्ड पॅशलर आणि आणखी तीन मानसशास्त्रज्ञांनी तपासलं. त्यांची कसोटी सरळ होती. ‘बघणारी’ आणि ‘ऐकणारी’ मुलं घ्या, दोन्ही गटांतल्या निम्म्यांना चित्रांतून आणि निम्म्यांना बोलून शिकवा, आणि शेवटी सगळ्यांची एकच परीक्षा घ्या. ज्याला त्याच्या आवडीच्या पद्धतीनं शिकवलं त्याला जास्त आलं, तर म्हणणं खरं. असे नीट केलेले प्रयोग त्यांना फार थोडे सापडले, आणि त्यांतल्या कित्येकांचा निकाल उलटाच होता. माणसाला आवड असते हे खरंच. पण आवडीच्या वाटेनं जास्त येतं, याला भरवशाचा पुरावा मिळाला नाही.

तुझ्याच विषयात, वनस्पतिशास्त्रात बघ ना. सूर्यफुलाच्या खोडाचा टी. एस., म्हणजे आडवा छेद, कापला की व्हॅस्क्युलर बंडल, म्हणजे पाणी आणि अन्न वाहणाऱ्या नळ्यांचे जुडगे, गोल कड्यात दिसतात, मक्याच्या खोडात ते सगळीकडे विखुरलेले असतात. हे कुणी तासभर तोंडी सांगून कळेल का? ते सगळ्यांनाच बघावं लागतं, आणि सगळ्यांनाच पेन्सिलीनं काढावं लागतं. उलट राधानगरीच्या जंगलात पानाआड बसलेला पक्षी ओळखायचा तर कानच हवा. वाट विषय ठरवतो, आपला स्वभाव नाही. तीस वर्षं प्रॅक्टिकलं घेतली मी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

मग लेक्चर डोक्यात का जात नाही? मला वाटतं ते सांगते.

मीही कागलकडच्या खेड्यातून, मराठी शाळेतून आले. कोल्हापुरात कॉलेजात पहिल्या आठवड्यात फुलाचे भाग शिकवले. सर बोलत होते आणि मी ऐकू येईल तसं वहीत उतरवत होते. रात्री वही उघडली तर माझंच अक्षर मला परकं. पुंकेसर मला शाळेपासून पाठ होता. सर दहादा जो ‘स्टॅमेन’ म्हणाले तो हाच, हे कळायला मला दिवाळी उजाडली! तोवर मी मनाशी ठरवूनही टाकलं होतं, की आपलं डोकंच कमी. त्या काळी ‘व्हिज्युअल लर्नर’ हा शब्द कानावर आला असता तर मीही तो घट्ट धरून बसले असते, कारण ‘ढ’पेक्षा तो केव्हाही बरा. म्हणून तुझा राग येत नाही मला. तुझी धडपड कळते.

पण पोरी, तुझे कान चांगले आहेत. अडचण शब्दांची आहे. एका वाक्यात तीन अनोळखी शब्द आले की पहिल्याचा अर्थ लावेपर्यंत पुढची दोन वाक्यं निघून जातात. व्हिडिओ तुला सोपा जातो, कारण तो थांबवता येतो, मागे नेता येतो, आणि चित्राला भाषा लागत नाही. शाहू महाराजांनी १९०१ पासून इथं बोर्डिंगं काढली ती खेड्यातल्या पोरांना शिकता यावं म्हणून. आता राहायची सोय झाली तरी भाषेची ही पायरी प्रत्येकाला आपली आपणच चढावी लागते, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

तर उद्या जो धडा आहे त्यातले पंधरा-वीस शब्द आदल्या रात्री काढ. समोर मराठी शब्द लिही, उच्चार मोठ्यानं कर. सगळा धडा वाचू नकोस, फक्त शब्द. मग लेक्चरला बस. पंधरा दिवसांत फरक जाणवेल, मला जाणवला होता.

दुसरी गोष्ट तुझ्या रंगीत वह्यांची. सुरेख आहेत. पण त्या भरताना पुस्तक समोर उघडं असतं ना? २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटानं तो चार बैठकांत वाचला. दुसऱ्यानं एकाच बैठकीत वाचला आणि तीन बैठकांत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. आणि आपल्याला चांगलं आठवेल, अशी जास्त खात्री कुणाला होती? वाचणाऱ्यांना. अभ्यास सोपा वाटला की आपण ‘हीच माझी पद्धत’ म्हणतो, आणि तिथंच फसतो. आठवताना जीव मेटाकुटीला येतो, तेव्हाच तर ते आत रुजत असतं.

म्हणून पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आकृती काढ, नावं दे, मग ताडून बघ. चुकलेलं दुसऱ्या दिवशी पुन्हा, मग चार दिवसांनी, मग पंधरा दिवसांनी. शनिवारी एसटीनं गावी जातेस तेव्हा वही पिशवीतच राहू दे आणि तास आठवत जा. घरी आईला जास्वंद दाखवून मराठीत समजावून सांग: पुंकेसर जुळून त्यांची नळी कशी होते, आणि तिच्या आतून कुक्षीवृंत, म्हणजे स्त्रीकेसराचा दांडा, वर कसा येतो. आईनं ‘म्हणजे काय गं?’ विचारलं आणि तू अडखळलीस, तर अभ्यास नेमका कुठं राहिलाय ते सापडलं. मग तेच इंग्रजीत लिहून काढ.

माझं ऐकूनही विश्वास ठेवू नकोस हो. एक धडा तुझ्या पद्धतीनं कर, तेवढाच दुसरा या पद्धतीनं, वेळही सारखाच दे. आठवड्यानं मैत्रिणीला दोन्हींवर दहा-दहा प्रश्न विचारायला सांग. हरमान एबिंगहाउसनं विसरण्याचा अभ्यास स्वतःवरच प्रयोग करून केला आणि १८८५ मध्ये छापला. तुला तर दहा प्रश्नच पुरेत.

पुढच्या रविवारी सकाळी घरी ये. जास्वंद अंगणात फुललीय, ब्लेड आणि सुई मी काढून ठेवते. माल्वेसी, म्हणजे जास्वंदीचं कुळ, तू मला शिकवायचीस, वहीशिवाय. इंग्रजीत अडलीस तर मराठीत सांग, आपण दोघी मिळून शब्द शोधू.

आईला नमस्कार सांग.

तुझी,
मॅडम