वाचक विचारतात : बसून अडवलं तरी लाथ का बसते?

प्रश्न : ‘स्ट्रीट फायटर २’ हा मारामारीचा व्हिडिओ गेम मला छान जमतो. पण ‘व्हर्च्युआ फायटर’ किंवा ‘टेकन’मध्ये जॉयस्टिक खाली-मागे धरून बसलो तरी मार खातो. दोष यंत्रात आहे का?

उत्तर : यंत्र ठीक आहे, सवय जुनी आहे. ‘स्ट्रीट फायटर २’मध्ये (१९९१) बसून अडवलं की जमिनीवरचे जवळपास सगळे फटके थोपतात; सांभाळायचं ते उडी मारून येणाऱ्याला. सेगाच्या ‘व्हर्च्युआ फायटर’मध्ये (१९९३) वरचा वार बसलेल्याच्या डोक्यावरून जातो, खालचा बसूनच अडतो आणि मधला बसलेल्याला हमखास लागतो. तुम्हाला लागतोय तो हाच. तेव्हा उभ्यानेच अडवा, खालचा वार येताना दिसला तरच बसा. शिवाय तिथे बटणं तीनच, गार्ड, पंच आणि किक; गार्ड न दाबता नुसतं मागे ओढलंत तर पात्र मागे सरकतं आणि मार खातं. ‘टेकन’मध्ये दोन हात-दोन पाय अशी चार बटणं, अडवायचं मात्र मागे ओढूनच. दोन्ही खेळ एकाच संध्याकाळी खेळू नका, बोटं गोंधळतात.

प्रश्न : पहिल्या ‘व्हर्च्युआ फायटर’मध्ये बाजूला सरकताच येत नाही. मग त्रिमिती कशाला? आणि माणसं ठोकळ्यांची का?

उत्तर : त्रिमितीचा पहिला फायदा हालचालीला झाला. सपाट खेळात प्रत्येक पवित्र्याचं चित्र हाताने काढून चिपमध्ये साठवावं लागे. जागा वाचवायला तेच चित्र उलटं करून वापरत, म्हणून तोंड फिरवलं की ‘स्ट्रीट फायटर’मधल्या सॅगट या पात्राची डोळ्यावरची पट्टी दुसऱ्या डोळ्यावर जाते! पॉलिगॉनच्या, म्हणजे छोट्या सपाट बहुकोनांनी जोडलेल्या शरीरात साठवायचे ते सांध्यांचे कोन. चित्र यंत्र त्याच क्षणी काढतं, कॅमेरा कुठेही फिरो. ठोकळे दिसतात कारण यंत्रातल्या ‘मॉडेल १’ या सेगाच्या सर्किट बोर्डाला पृष्ठभागावर चित्र चढवता येत नव्हतं, एका पॉलिगॉनला एकच रंग. पुढच्या ‘मॉडेल २’ बोर्डावरच्या ‘व्हर्च्युआ फायटर २’ने (१९९४) ती उणीव भरली.

बाजूला सरकणं नंतर आलं. ‘व्हर्च्युआ फायटर ३’ने (१९९६) त्यासाठी चौथं बटण दिलं. ‘टेकन ३’मध्ये जॉयस्टिक वर किंवा खाली हलकेच टिचकवायची, वर दाबून धरलीत तर उडी बसते. सरळ ठोसा असा चुकतो, पण आडवी फिरणारी लाथ बाजूला सरकलेल्यालाही गाठते. समोरून ती दिसली तर सरकू नका, अडवा.