मैदान आखण्याआधी

चि. पोरी,

शाळेत क्रीडाशिक्षिका म्हणून नेमणुकीची ऑर्डर हातात पडल्याचा तुझा फोन आला तेव्हा मी सोलापूरच्या पार्क स्टेडियमवर सकाळच्या फेऱ्या मारून नुकताच टेकलो होतो. "सर, पहिल्या दिवशी काय घेऊ?" असं विचारलंस आणि मी काहीतरी हां-हूं करून फोन ठेवला. सांगण्यासारखं बरंच होतं, पण चहावाल्यासमोर सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून हे पत्र.

पहिल्या दिवशी पोरांना पळवू नकोस. मैदान आख.

शाळेचं मैदान मी पाहिलंय. 400 मीटरचा ट्रॅक तिथं बसत नाही, 200 चा बसतो. सरळ बाजू 40-40 मीटरच्या धर. वळणाला खुंटी ठोकून 18 मीटर 90 सेंटीमीटरची दोरी फिरव. धावणारं पोर फक्कीवरून पळत नाही, रेघेच्या 20 सेंटीमीटर बाहेरून पळतं असं धरतात, तो हिशोब या मापात आलेला आहे. बाहेरची लेन वळणावर लांब पडते, म्हणून तिची सुरुवातीची रेघ पुढं सरकवतात. आता बाहेरच्या लेनला पुढं किती द्यायचं? पुस्तकात दुसऱ्या लेनला 7.04 मीटर लिहिलेले सापडतील. तो आकडा आतल्या कडेला उंच कठडा असलेल्या पक्क्या ट्रॅकचा आहे. आपल्याकडं नुसती फक्की असते, तिथं 1.22 मीटर रुंदीच्या लेनला 7.67 मीटर द्यावे लागतात.

एवढं बारीक का सांगतोय, तर नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी हेच चुकवलंय. आंतरशालेय स्पर्धा होत्या, ट्रॅक आखायचं काम माझ्याकडं आलं. पुस्तक उघडलं, 7.04 टाकले, हात झटकले. मुलींच्या 200 मीटरमध्ये पहिल्या लेनमधली पोरगी पहिली आली, तिसऱ्या लेनमधली हातभर मागं राहिली. बाहेरच्या सगळ्याजणी 63 सेंटीमीटर जास्त पळल्या होत्या. कुणाच्याच लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. पुढं चार वर्षांनी सहा आठवड्यांच्या कोर्ससाठी पतियाळाला गेलो. तिथं एका दुपारी फळ्यावर हे गणित सोडवताना माझ्या हातातला खडू थांबला. परत आल्यावर तिसऱ्या लेनमधल्या त्या पोरीची चौकशी केली. तिचं लग्न होऊन ती पुण्याकडं गेली होती. जिल्ह्याला जायची तिची ती एकच संधी होती, आणि ती मी फक्कीनं पुसली. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

मी स्वतः 800 मीटरवाला. वडील गिरणीत साच्यावर होते. पहाटेचा भोंगा झाला की ते कामावर आणि मी मैदानावर. आमच्या क्रीडाशिक्षकांचं माझ्यावर प्रेम होतं, आणि प्रेमाची त्यांची रीत एकच होती, अजून एक फेरी. नडगी दुखते म्हणालो तर म्हणायचे, दुखणं पळून घालवायचं असतं. नववीत मी जिल्ह्यात पहिला होतो. अकरावीत जिना चढताना कळ यायची. त्यांच्यावर राग धरून बसलो नाही, त्यांना तरी कुणी वेगळं शिकवलं होतं! पण तू तसं करायचं नाहीस. तुला कळतं आणि तरीही करशील, तर मला सांगू नकोस.

आठवी-नववीची पोरं एका उन्हाळ्यात चार बोटं उंच होऊन येतात. हाडं आधी वाढतात, स्नायू मागून येतात. गुडघ्याच्या वाटीच्या खाली बोट लाव. तिथं टेंगूळ हाताला लागलं आणि पोर "आई गं" म्हणालं, तर उड्या बंद, वेगाचं पळणं बंद. गोळाफेक शिकव, बॅटनची देवाणघेवाण घे, मैदानावर येऊ दे, पण ओझं काढून घे. दुखणं गेलं नाही तर डॉक्टर. घरी बसवलंस तर ते पोर परत येत नाही, हेही लक्षात ठेव.

चौदा वर्षांखालचं पदक सगळ्यांनाच हवं असतं. मुख्याध्यापकांना बातमीसाठी, आई-बापांना दहावीच्या सवलतीच्या गुणांचं आतापासूनच पडलेलं असतं. शेजारच्या माण तालुक्यातली ललिता बाबर आधी लांब पल्ल्याच्या शर्यती, मॅरेथॉन पळायची. स्टीपलचेसकडं, म्हणजे अडथळे आणि पाणी ओलांडत पळायच्या शर्यतीकडं, ती वयानं बरीच मोठी झाल्यावर वळली आणि 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत धावली. आष्टीचा अविनाश साबळे तर सैन्यात गेल्यावर या शर्यतीला लागला. 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने 8 मिनिटं 11.20 सेकंदांत रौप्य घेतलं, तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये ही दोन नावं उपयोगी पडतात, मी वापरलेली आहेत.

जन्मतारखेचं कुणी काही सुचवलं, की "सहा महिने तर मागं-पुढं करायचेत", तर तिथून उठून ये. यावर जास्त लिहीत नाही.

घड्याळाबद्दल. सुरुवातीला लाकडी टाळी वाजवत असशील तर शेवटच्या रेघेवर उभ्या पोराला सांग, आवाजावर बटण दाबू नको, फळ्या मिटताना बघून दाब. 100 मीटर यायला आवाजाला 0.3 सेकंदाच्या आसपास लागतात. तेवढ्यात आपल्या शाळेत उगाच एक विक्रम तयार होतो आणि पुढं जिल्ह्याला जाऊन पोरगं रडतं. आणि घड्याळ रोज काढू नकोस. पंधरा दिवसांतून एकदा पुरे. बाकीचे दिवस डोळे वापर: टाच आधी पडते का, खांदे कानाकडं चढतात का, शेवटच्या वीस मीटरला जबडा आवळतो का.

रिलेवर मात्र वेळ घाल, हवा तेवढा. 4×100 मध्ये बॅटन द्यायचा पट्टा आता 30 मीटरचा आहे. पुढं उभी असलेली मुलगी आपल्या जागेपासून मागं पावलं मोजते, फक्कीचा ठिपका ठेवते आणि मागची त्या ठिपक्यावर आली की मागं न बघता सुटते. मागं न बघणं, हेच पोरींना जमत नाही. तुला तरी कुठं जमत होतं! तुमच्या बॅचचा ठिपका आपण अठरा पावलांवरून सुरू केला होता, आणि तू दर वेळी मान वळवायचीस. मग मी तुला बॅटन देणाऱ्या मागच्या पोरीला सांगितलं, हिला हाक मारू नको, फक्त बॅटन तळव्यावर जोरात आपट. तीन आठवडे तुझा तळवा लाल होता. पण ठिपका शेवटी बावीस पावलांवर गेला. वेगानं तुमच्यापेक्षा सरस असलेल्या चौघी मागं राहिल्या, त्या तेवढ्या चार पावलांमुळं.

इथलं वेळापत्रक पुस्तकात नसतं. मार्चपासून साडेपाचला मैदानावर, साडेसातला सगळी घरी. सोलापूरचं ऊन पोरांचा दम बघत नाही, दम काढतं. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला हजेरी कोसळेल, चिडू नको. यात्रेतले नंदीध्वज, म्हणजे उंच जड काठ्या, पेलणाऱ्यांचा सराव आधीपासून चालू असतो, तो एकदा पोरांना घेऊन जाऊन दाखव. तोल म्हणजे काय ते मी तासभर बोलून सांगितलं नसतं इतकं त्यांना तिथं कळतं. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या पोरींच्या घरी जा. कित्येकींची आई विड्या वळते आणि पोरगी शाळेतून आली की सुपाला हात लावते. ती सरावाला उशिरा आली तर फेऱ्यांची शिक्षा देऊ नको. आईसमोर बस, तेलुगूत दोन शब्द बोलता आले तर उत्तमच, आणि विचार की सकाळची वेळ जमेल का. मला तीन घरांत नाही म्हणाल्या, चौथ्या घरात हो. त्या चौथ्या घरातल्या पोरीनं पुढं काय केलं ते तुला माहीत आहे, ती तुझ्या पुढच्या लेनमध्येच असायची.

पाळी चालू आहे म्हणून एखादी बसली असेल तर माझ्यासारख्या मास्तराला ते कधी कुणी सांगत नव्हतं. पोटदुखी म्हणायच्या आणि मी फेऱ्या लावायचो. तुझ्याशी त्या बोलतील. मला जमलं नाही ते पहिलं तिथंच सुरू होईल, असं वाटतं.

रविवारी घरी ये. शेंगाचटणी आणि भाकरी खाऊन जा, आणि माझी 50 मीटरची टेप घेऊन जा. सुरुवातीचा थोडा तुकडा तुटलाय, त्यामुळं शून्यापासून लावू नको. 1 मीटरच्या खुणेवर धर आणि शेवटी एक वजा कर. पहिल्या वर्षी विसरशील, म्हणून मी त्या खुणेला लाल दोरा बांधून ठेवलाय.

तुझे,
सर